पार्का घेताना आधी शिवण बघ

हिमाचलच्या ओल्या बर्फासाठी पार्का (हूडवालं लांब, जाड जॅकेट) घेतोयस ना, मग रंग आणि फर लावलेलं हूड राहू दे बाजूला. आधी जॅकेट उलटं कर. आतल्या प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवलेली हवी. खांद्याची आणि हूडची शिवण नखाने चाचपून बघ. कडेला पट्टी सुटत असेल तर सरळ परत ठेव. कापड कितीही भारी असो, पाणी सुईच्या भोकांतून शिरतं.

लेबलवर निदान १०,००० मिमी लिहिलेलं असावं (एवढ्या उंच पाण्याचा दाब कापड न पाझरता सोसतं). १,५०० मिमीचा माल ठाणे स्टेशन ते घर एवढ्यापुरता ठीक. सॅकचे पट्टे खांद्यावर दाबले की तो पाझरणारच. काखेत चेन हवीच. चढावर घाम सुटतो, त्याला बाहेर पडायला वाट नसली की माणूस आतूनच भिजतो आणि मग शिव्या दुकानदाराला.

माप बघताना आत जाड स्वेटर घाल (ठाण्याच्या उकाड्यात लोक हसतील, हसू देत) आणि हात वर कर. कंबर उघडी पडली तर मोठं माप घे.

जुलैत येऊरच्या रस्त्यावर एकदा भिजवून आण. थेंब घरंगळून पडायला हवेत. पुढेमागे ते कापडावर पसरायला लागले तरी जॅकेट टाकू नकोस. धुऊन पाणी झटकणारा स्प्रे मार. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. आणि दमट कपाटात कोंबू नकोस, आतला थर चिकट होऊन सोलपटतो. हँगरला टांग.