व्हर्माँटच्या लाकडी पुलांवर छप्पर कशासाठी? आणि त्यातले कोणते बघावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉस्टनला मुलीकडे आला आहात, ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग बघायला व्हर्माँट राज्यात जायचं ठरलंय, आणि तिथल्या लाकडी पुलांवर बर्फ साचू नये म्हणून छप्पर घालत असं जावई म्हणतात. हे खरं का, आणि कोणते पूल वाट वाकडी करून बघावेत?

जावईबापूंना दुखवायचं नाही, पण प्रकरण नेमकं उलट आहे. मी इथे कनेक्टिकट नदीच्या काठी राहतो आणि बांधकामाच्या आकडेमोडीवर पोट भरतो, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी इकडे हिवाळ्यात सगळी ने-आण घसरगाड्यांवरून चाले. त्या गाड्यांना चाकं नसत, खाली लांब पट्ट्या असत. त्या कोरड्या फळ्यांवर अडकायच्या. म्हणून गावं पुलाच्या आत बर्फ नेऊन पसरायला माणसं लावत आणि त्यांना त्याचे पैसे देत! छपरावर पडलेल्या बर्फाचं ओझं तर पुलालाच पेलावं लागतं. बर्फाचाच प्रश्न असता तर छप्पर न घालणं सोपं होतं.

छप्पर आहे ते लाकडासाठी. अशा पुलाचं बळ पायाखालच्या फळ्यांत नसतं, दोन्ही बाजूंच्या उभ्या कैच्यांत असतं. इंजिनिअर लोक ज्याला ट्रस म्हणतात त्या. फळी कुजली तर ती उपटून दुसरी ठोकता येते. पण कैचीत शेकडो सांधे असतात, पावसाचं पाणी सांध्यात शिरून बसलं की लाकूड आतून सडतं आणि बाहेरून पत्ता लागत नाही. उघडा लाकडी पूल दहा-पंधरा वर्षांत मोडकळीला येई. छप्पर आणि बाजूच्या फळ्या लावून झाकलेला शंभर-दीडशे वर्षं टिकतो. आपल्या कोकणातला साकव वाहून गेला की पुढच्या वर्षी पुन्हा घालतात, कारण त्यात फार काही गुंतलेलं नसतं. इथे एका पुलात गावाचा खजिना रिकामा व्हायचा, मग तो झाकून ठेवणं ओघानेच आलं. अमेरिकेतला असा पहिला मोठा पूल फिलाडेल्फियात १८०५ साली झाकला गेला, आणि तोही याच हिशेबाने. घोडे पाण्याला बुजू नयेत म्हणून, प्रेमी जोडप्यांना आडोसा मिळावा म्हणून वगैरे कारणं पर्यटकांना ऐकायला आवडतात, एवढंच.

तेव्हा पुलासमोर उभं राहून फोटो काढून निघू नका. बहुतेक जण तेवढंच करतात. गाडी बाजूला लावा, आत जा आणि भिंतीकडे बघा. बऱ्याच पुलांत तिरप्या फळ्यांची जाळी दिसेल, एक फळी डावीकडे झुकलेली, तिच्यावरून दुसरी उजवीकडे, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे ओकच्या जाड खुंट्या ठोकलेल्या. खुंटीच्या गोल तोंडावर हात ठेवून बघा, दीड-दोन इंच व्यासाची असते. हे जोड लोखंडी खिळ्यांनी केलेले नाहीत. उन्हाच्या तिरिपा बाहेरच्या फळ्यांच्या फटींतून आत येतात, आणि एखादी मोटार आली की तळाच्या फळ्या एकामागून एक खडखडतात.

ही जाळी कनेक्टिकट राज्यातल्या इथिएल टाउन या वास्तुरचनाकाराची. १८२० साली त्याने पेटंट घेतलं. गंमत म्हणजे गृहस्थ स्वतः पूल बांधत बसला नाही, हक्क विकत फिरला: पुलाच्या लांबीमागे फुटाला एक डॉलर, आणि न विचारता बांधून मग पकडले गेलात तर दोन. माझ्या मते त्याची खरी हुशारी गणितात कमी आणि व्यवहारात जास्त होती. त्याच्या पुलाला अवजड तुळया लागत नाहीत, गावच्या गिरणीत चिरलेल्या साधारण तीन इंच जाडीच्या स्प्रूसच्या फळ्या पुरतात. कोठार बांधणारा सुतार पूलही उभा करू शकतो. माँटगोमेरी गावात शेल्डन आणि सॅव्हाना ज्युएट या दोघा भावांनी १८६३ पासून पुढची पंचवीसेक वर्षं हेच केलं. त्यांचे सहा पूल त्या एका गावाच्या हद्दीत अजून आहेत. पण गाव पार कॅनडाच्या सीमेजवळ, बॉस्टनहून एका दिवसात जाऊन-येऊन जमणार नाही.

तुम्हाला सोयीचा म्हणजे व्हर्माँटमधलं विंडसर आणि पलीकडच्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं कॉर्निश यांना जोडणारा कनेक्टिकट नदीवरचा पूल. १८६६ सालचा, सुमारे साडेचारशे फूट लांब, मधे एकच खांब. २००८ मध्ये ओहायोत नवा लांब पूल होईपर्यंत देशातला सर्वांत लांब लाकडी छपराचा पूल हाच होता. त्या जागी आधीचे तीन पूल पुरांनी नेले, हा चौथा. १९४३ पर्यंत टोल होता. दारावरची पाटी वाचा: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. एका लयीत दुडकणाऱ्या घोड्यांनी पूल हादरतो, म्हणून. जावयांवर कुरघोडी करायची असेल तर एक मुद्दा देऊन ठेवतो: हा पूल जवळजवळ सगळा न्यू हॅम्पशायरच्या हद्दीत आहे, कारण नदी व्हर्माँटच्या काठापर्यंत त्यांची!

तिथून वुडस्टॉक फार लांब नाही. वाटेवर टॅफ्ट्सव्हिलचा लाल पूल लागतो, १८३६ सालचा. वुडस्टॉक गावाच्या मधला पूल मात्र जुना नाही, १९६९ सालचा आहे. तो मिल्टन ग्रॅटन या न्यू हॅम्पशायरच्या कारागिराने जुन्या पद्धतीने खुंट्या ठोकून बांधला आणि बैल जुंपून नदीवर ओढून बसवला. मला तो खऱ्या जुन्या पुलांइतकाच आवडतो. वेळ उरला तर उत्तरेला वुलकॉटचा फिशर पूल बघा. तो रेल्वेचा, १९०८ सालचा, आणि इंजिनाचा धूर जायला छपराच्या माथ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत धुराडं काढलंय. आगगाडी बंद होऊन आता तिथून सायकली जातात.

आज राज्यात असे शंभरच्या आसपास पूल उरलेत. एकेकाळी पाचशेहून जास्त होते. नोव्हेंबर १९२७ च्या पुरात राज्यातले लहान-मोठे मिळून बाराशेवर पूल गेले, चौऱ्याऐंशी माणसं गेली, त्यात खुद्द उपराज्यपालही होते. पुढे जागोजागी लोखंड आणि काँक्रीट आलं. जे वाचले ते फार प्रेमापोटी वाचले असं मला वाटत नाही; आडवाटेला होते, रहदारी नव्हती, नवा पूल बांधायला गावाकडे पैसा नव्हता. प्रेम नंतर आलं, पर्यटकांच्या मागोमाग. पण आलं ते खरं. २८ ऑगस्ट २०११ ला आयरीन वादळाच्या पुरात बार्टन्सव्हिलचा १८७० सालचा पूल कोसळून वाहून गेला, गावकऱ्यांनी डोळ्यांदेखत त्याचं चित्रण केलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये तिथे पुन्हा त्याच जाळीचा लाकडी पूल सुरू झाला.

छपरामुळे कुजणं थांबलं. आता पूर आणि उंच ट्रक हे दोन वैरी. लिंडनच्या मिलर्स रन पुलाला भाड्याचे बंद ट्रक पुन्हा पुन्हा धडकतात, कारण चालक फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर असतो आणि पाटी वाचत नाही. तुम्ही सगळे मिळून मोठी व्हॅन घेणार असाल तर तोंडाशी लिहिलेली उंची आणि वजनाची मर्यादा आधी वाचा. बहुतेक पूल एकेरी आहेत, समोरून गाडी आत शिरली असेल तर थांबा. आणि शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात वुडस्टॉकला गाडी लावायला जागा मिळत नाही.