बेल्ट की शाफ्ट? आरसी गाडीचा प्रश्न

प्रश्न : सर, आम्ही चार-पाच पोरं रविवारी फोंड्याला मोकळ्या पार्किंगमध्ये आरसी (रिमोटवर चालणारी) टूरिंग कार पळवतो. माझी बेल्टवाली आहे, म्हणजे मोटरची ताकद दातेरी पट्ट्यानं चाकांकडे जाते, तांबड्या मातीतले बारीक खडे बेल्टात जातात नि दात झिजतात. नवीन शाफ्ट ड्राइव्ह चॅसी (गाडीचा सांगाडा) घेऊ का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : घ्या, तुमच्या जागेला तीच बरी. शाफ्टवाल्या गाडीत मोटरची ताकद मधल्या एका दांड्यावरून पुढच्या नि मागच्या डिफपर्यंत (डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारे गिअर) जाते आणि गिअर बंद डब्यात असतात, म्हणून खडे सहसा आत जात नाहीत. तामिया या जपानी कंपनीची टीटी-०२ बघा, २०१३ पासून मिळते, १/१० स्केल, व्हीलबेस २५७ मिमी, पार्ट महाग नाहीत. पण एक गोष्ट आधीच सांगतो, दांडा लांबीच्या दिशेनं फिरतो त्यामुळे एकदम थ्रॉटल दिला की चॅसी एका बाजूला कलायला बघते, बेल्टवाल्या गाडीत हे एवढं जाणवत नाही, सो वळणातून बाहेर पडताना बोट हळू दाबायची सवय लावाच. किटमध्ये २२ दातांचा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) नि ७० दातांचा स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) येतो, आतले गिअर धरून एकूण ८.२७ चा रेशो, म्हणजे मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं, शिकायला मस्त. मोठा पिनियन लावायची घाई नको, मोटर तापते.

पहिला खर्च मात्र बॉल बेअरिंगवर करा, बेअरिंगच्या जागी असलेले प्लॅस्टिकचे बुश माती खाऊन लवकर ढिले पडतात आणि मग चाकं हलतात. आपल्याकडची खारी हवा तर माहीतच आहे, पावसाळ्यात गाडी ठेवून द्यायच्या आधी बेअरिंग पुसून दोन थेंब तेल घालायला विसरू नका.