रोजच्या प्रवासासाठी जुनी डिझेल गाडी घ्यावी का?

प्रश्न : कामासाठी जाऊन-येऊन रोज 20 किलोमीटर होतात, तेही गर्दीतून. एक जुनी डिझेल गाडी स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

उत्तर : माझ्या मते घेऊ नये. अलीकडच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालावी लागते, आणि थांबत-थांबत चालून तो तुंबला, की इंधनात वाचलेले पैसे दुरुस्तीत जातात. लहान इंजिनाची पेट्रोल गाडी पाहावी. पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असावे, कारण सुरू होतानाचा धूर आणि खडखड तेव्हाच कळते (आधीच तापवून ठेवलेले इंजिन मला नेहमी खटकते). मीटरवर किलोमीटर कमी, पण ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून गुळगुळीत, असे दिसल्यास सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात. टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच सोडावा.