ऑसिलोस्कोप लॅपटॉपला सापडत नाही? आधी आयपी पत्ते बघ
सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायची घाई करू नकोस. ऑसिलोस्कोप (विद्युत संकेतांचा आलेख दाखवणारं उपकरण) तू लॅपटॉपला थेट लॅन केबलने जोडला आहेस, मध्ये राउटर नाही. म्हणजे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखणारे आकडे, वाटणारं कोणी नाही. अशा वेळी विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. स्कोपवर जुना १९२.१६८ चा पत्ता कायम असेल तर दोघांची गाठ पडणार कशी? पत्ते हाताने भर: लॅपटॉपला १९२.१६८.५.१०, स्कोपला १९२.१६८.५.२०, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा ठेव. वायफायचे पत्तेही १९२.१६८.५ नेच सुरू होत असतील तर ५ च्या जागी दोन्हीकडे वेगळा आकडा घे, नाहीतर लॅपटॉप स्कोपला वायफायवर शोधत बसू शकतो.

मग लॅपटॉपवरून स्कोपला पिंग कर, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघ. उत्तर नाही आणि लॅन केबलच्या खाचेवरचा दिवाही बंद असेल, तर केबल बदल.

पिंग चालतं पण प्रोग्रॅम जोडला जात नाही, ही खरी फसवी अवस्था. फायरवॉल तपास, पोर्ट (प्रोग्रॅम ज्या क्रमांकावर उपकरणाशी बोलतो तो) तपास: कीसाइटची उपकरणं सहसा ५०२५ वापरतात, रिगोलचे बरेच स्कोप ५५५५. आणि अशा पोर्टवर थेट जोडणी करून (सॉकेटवरून) आज्ञा पाठवताना शेवटी न्यूलाइन, म्हणजे ओळ संपल्याची खूण, हवीच. ती नसेल तर उपकरण आज्ञा पूर्ण होण्याची वाट बघत राहतं आणि तुला फक्त टाइमआउट दिसतो.