रंगपेटीची किल्ली

नमस्कार. तुमची मुलगी बारावी सायन्सला आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला 'ए' ग्रेड मिळालीय आणि तिला पर्यावरण व शांतता या विषयांवर काम करणारी चित्रकार व्हायचंय. तुमचं म्हणणं, आधी पर्यावरण अभियांत्रिकी कर, चित्रं छंद म्हणून काढ. त्या विषयाचा कोर्स तरी कुठे आहे?

इथवर ठीक. पण पत्रात मध्येच एक ओळ आहे. दिवाळीत तिने वीज केंद्राची चिमणी आणि खाली राखेने माखलेली घरं रंगवली. "जिच्यावर घर चालतं तिलाच नावं ठेवते" म्हणून तुम्ही रंगपेटी कपाटात कुलूप लावून ठेवलीत. तेव्हापासून ती तुम्हाला काहीच दाखवत नाही.

साहेब, प्रवेशाचं नंतर बोलू. तुम्हाला लागलंय, ते मला कळतं. वीस वर्षं तिथे पाळ्या केल्यात तुम्ही. पण चित्रात तुमचा अपमान आहे, हे तुम्ही तिला न विचारताच ठरवलंत. कदाचित त्या राखेत घरी येणाऱ्या बापाची तिला काळजी वाटत असेल. कुलूप लावल्यावर ती हे कशी सांगणार?

तुमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते पाहा. जन्म १९८६चा, घरच्या पिढ्या कोळसा खाणीत राबलेल्या. त्यांची बरीच चित्रंही कोळशाचीच, म्हणजे चारकोलने काढलेली, कित्येकदा थेट भिंतीवर. खाणीने खाल्लेली जमीन, शेतकरी, कामगार. कधी माणसाच्या डोक्याच्या जागी अवजार. खाणीवर एवढी कठोर नजर, पण खाणकामगाराचा त्यांनी कधी अपमान केलेला नाही. २०२१ साली ब्रिटनमधला आर्टेस मुंडी हा आंतरराष्ट्रीय कला पुरस्कार सहा कलावंतांना मिळून मिळाला, त्यांत ते होते. २०२२च्या व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कला प्रदर्शनातही त्यांचं काम होतं.

आता कोर्सबद्दल. पर्यावरणाचा चित्रकार घडवणारी पदवी आपल्याकडे सहसा नसते आणि नसावीच. पाचपुते यांनी छत्तीसगडमधल्या खैरागडला पदवी घेतली ती शिल्पकलेत, पुढे २०११ साली बडोद्याहून पदव्युत्तर. कॉलेजात हात, नजर आणि साहित्य कळतं. विषय आपल्या गावातून येतो. रडणारी पृथ्वी आणि पांढरं कबुतर काढून शालेय स्पर्धेत बक्षीस मिळतं, पण ते चित्र कुणीही काढू शकतं. तिची चिमणी तिनेच पाहिलेली आहे. म्हणून मला ती बक्षिसांपेक्षा मोलाची वाटते.

महाराष्ट्रात बीएफए या कलेच्या पदवीसाठी एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. बडोदा, खैरागडचे प्रवेश वेगळे, त्यांच्या तारखा त्यांच्याच संकेतस्थळांवर बघा. पैशाचंही स्पष्ट सांगतो: सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातात. शिकवण्या, इलस्ट्रेशन, सेट, भित्तिचित्रं अशी कामं जोडीला करावी लागतात. ही तयारी तिची आहे का, ते तिला विचारा. अभियांत्रिकीत मात्र ढकलू नका. तुमच्या पत्रात तिला ते हवंय असं कुठेच नाही.

या रविवारी रंगपेटी बाहेर काढा. तिला म्हणा, मी पाळीवरून आल्यावर माझं चित्र काढ. अंगावरचे कपडे न बदलता तिच्यासमोर बसा. पूर्ण होईपर्यंत उठू नका. मग तेच चित्र आणि दिवाळीतलं चित्र, दोन्हींचे फोटो मला पाठवा. कॉलेजचं आपण त्यानंतर ठरवू.