डेल लॅटिट्यूड ई६४३० लॅपटॉपवर ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र चालवणारं सॉफ्टवेअर) बसत नाही, बायोस (लॅपटॉप सुरू करणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला मूळ प्रोग्राम) अपडेटही होत नाही. सुरुवात कुठून करू?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: सेकंडहँड घेतलेला ई६४३०, आत आय५-३३२०एम प्रोसेसर, त्यातलंच इंटेल एचडी ४००० ग्राफिक्स आणि जोडीला एनव्हिडियाची एनव्हीएस ५२००एम ही वेगळी ग्राफिक्स चिप. विंडोज १० नव्याने टाकल्यापासून स्क्रीन १०२४ बाय ७६८ वर अडकली आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेलच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसतो, एनव्हिडियावर पिवळा त्रिकोण आणि कोड ४३, म्हणजे ‘अडचण आल्याने विंडोजने हे उपकरण थांबवलं’ अशी चूक. कोणीतरी सांगितलं की बायोस अपडेट केलं की सगळं सुटेल, म्हणून ए०५ वरून ए२४ वर जायला निघालात, तर बॅटरी १० टक्क्यांच्या वर हवी म्हणून ते अडलं. आणि बॅटरी तर संपलेली.

बायोसचं तूर्त बाजूला ठेवा. बायोस ए०५ आहे की ए२४, यावर इंटेलचा ड्रायव्हर बसणं न बसणं अवलंबून नाही. नंतरच्या आवृत्त्यांत किरकोळ दुरुस्त्या असतात आणि २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीनंतर आलेले सुरक्षेचे बदल असतात. ते घेण्यासारखे आहेत, पण तुमची स्क्रीन त्यांनी सुधारणार नाही. शिवाय ड्रायव्हर चुकला तर फार तर पुन्हा काढून टाकाल. बायोस अर्धवट लिहिला गेला तर लॅपटॉप सुरूच होणार नाही.

ड्रायव्हरला हात लावण्याआधी चार्जर बघा. हे अवांतर नाही. या लॅपटॉपच्या ७.४ मिमीच्या गोल पिनेच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. ती वीज देत नाही. ‘मी इतक्या वॅटचा डेलचा चार्जर आहे’ एवढंच तिच्यातून लॅपटॉपला कळतं. ती वाकली, तुटली, किंवा डुप्लिकेट चार्जरमध्ये ओळख देणारी चिपच नसली, तर लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी चार्ज करत नाही, प्रोसेसर सर्वात खालच्या वेगावर बांधून ठेवतो आणि बायोस अपडेटही नाकारतो. म्हणजे ‘बॅटरी मेली’, ‘ग्राफिक्स रखडतंय’ आणि ‘बायोस होत नाही’ या तिन्ही तक्रारी एका सुईतून निघू शकतात. लॅपटॉप सुरू करताना एफ२ दाबून बायोसमध्ये जा, ‘जनरल’खाली ‘बॅटरी इन्फर्मेशन’ उघडा. तिथे अडॅप्टर ६५ किंवा ९० वॅट असा लिहून आला तर ठीक. अननोन असं काही आलं तर आधी चार्जर बदला. एनव्हिडिया असलेल्या मॉडेलला ९० वॅटचाच घ्या. चार्जर बदलूनही ओळख पटत नसेल तर लॅपटॉपच्या आतला पॉवर जॅक गेलेला असतो. तो छोट्या वायरीवर वेगळा येतो, मदरबोर्डवर सोल्डरचा डाग द्यावा लागत नाही, त्यामुळे काम स्वस्तात होतं.

बायोसमध्ये आहातच तर ‘व्हिडिओ’खाली ‘एनेबल ऑप्टिमस’वर टिक आहे का पाहून घ्या. ऑप्टिमस म्हणजे इंटेल आणि एनव्हिडिया दोघांनी मिळून काम करण्याची सोय. ती काढली की इंटेलचं ग्राफिक्स डिव्हाइस मॅनेजरमधून गायबच होतं आणि लोक नसलेल्या गोष्टीचा ड्रायव्हर शोधत बसतात. तुमच्याकडे दोन्ही ओळी दिसतात, म्हणजे टिक असणार. तशीच राहू द्या.

आता ड्रायव्हर. ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर उजवं क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’, आणि ‘प्रॉपर्टी’च्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. एक लांबलचक ओळ येईल. तिच्यात व्हीईएन या अक्षरांपुढे ८०८६ असेल तर ते इंटेल (हो, त्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा), १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ असेल तर एएमडी. त्यापुढे डीईव्ही आणि ०१६६ असं दिसलं म्हणजे लॅपटॉपातलं एचडी ४०००. आणखी पुढे आठ आकड्या-अक्षरांचा एक गट असतो, त्याचे शेवटचे चार १०२८ असतील: ती डेलची खूण. ही ओळ नीट वाचली की ‘तुमच्या लॅपटॉपला कुठला ड्रायव्हर लागतो ते आम्ही शोधून देतो’ म्हणणाऱ्या फुकट्या सॉफ्टवेअरांची गरज उरत नाही. ती टाकूही नका. निम्मे घोळ त्यांनीच घातलेले असतात.

तीन फाइली आधीच उतरवून डेस्कटॉपवर ठेवा. इंटेलची १५.३३ मालिका, ६४ बिट, आणि ती झिप स्वरूपातली. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिची आवृत्ती १०.१८.१० ने सुरू होते. १५.४० किंवा त्यापुढची मालिका नव्या पिढ्यांसाठी आहे, ती इथे बसणारच नाही. एनव्हिडियाची ३९० मालिका घ्या, कारण एनव्हीएस ५२००एम ही फर्मी पिढीची चिप आहे आणि फर्मीचा आधार त्या मालिकेपाशी संपला. साइटवर जीफोर्समध्ये शोधू नका. ‘एनव्हीएस’ निवडून त्यातला नोटबुकचा गट घ्या. नवा ड्रायव्हर चालवलात तर सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही असं सांगून तो बंद होतो आणि माणसाला वाटतं कार्डच गेलं. तिसरी फाइल म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ज्याला सगळे डीडीयू म्हणतात; तो जुना ग्राफिक्स ड्रायव्हर मुळासकट पुसतो.

मग इंटरनेट तोडा. वायफाय बंद आणि लॅनची वायरही काढलेली. हे टाळलंत तर तुम्ही जुना ड्रायव्हर पुसून मान वर करेपर्यंत विंडोज अपडेटने दुसराच काहीतरी आणून बसवलेला असतो. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि रीस्टार्टनंतर ४ दाबून सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांवर चालते ती अवस्था) जा. सेफ मोडमध्ये कधी कधी लॉग-इनचा पिन नंबर चालत नाही, पासवर्डच मागतो. तो आठवतोय ना, हे आधी तपासून ठेवा. डीडीयूमध्ये पहिल्यांदा एनव्हिडिया निवडून रीस्टार्ट न करता पुसा, मग इंटेल निवडून पुसा आणि रीस्टार्ट करा.

बसवताना आधी इंटेल, रीस्टार्ट, मग एनव्हिडिया. हा क्रम उलटा झाला की कोड ४३ हमखास पाहुणा येतो. कारण असं की ऑप्टिमसमध्ये स्क्रीनची वायर इंटेलकडे जाते. एनव्हिडिया चित्र तयार करून मेमरीत ठेवतं, ते पडद्यावर लावायचं काम इंटेल करतं. इंटेल ‘बेसिक’ अवस्थेत असेल तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरला चित्र सोपवायला कोणी नसतं. तुमच्याकडे दोन दोष आहेत असं तुम्ही लिहिलंय, पण माझ्या अंदाजाने दोष एकच आहे आणि तो इंटेलच्या बाजूला आहे.

इंटेलचा इन्स्टॉलर ‘हा ड्रायव्हर या कॉम्प्युटरसाठी तपासलेला नाही, उत्पादकाकडून घ्या’ अशा अर्थाचा निरोप देऊन थांबू शकतो. त्यासाठीच झिप घ्यायला सांगितली. ती मोकळी करा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘अपडेट ड्रायव्हर’, ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’, ‘हॅव डिस्क’ असं जाऊन ग्राफिक्स फोल्डरमधली आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कसा बसवायचा हे विंडोजला सांगणारी) दाखवा. नुसतं ‘ब्राउज’ करून फोल्डर दाखवलात तर विंडोज ‘सर्वात योग्य ड्रायव्हर आधीच आहे’ म्हणून हात झटकतं. ‘हॅव डिस्क’ला तो पर्याय राहत नाही. स्क्रीन दोन-तीनदा काळी होईल, मग पूर्ण रिझोल्यूशनला येईल. या मॉडेलमध्ये पॅनेल १३६६ बाय ७६८ चं किंवा १६०० बाय ९०० चं असतं, त्यामुळे फुल एचडी दिसत नाही म्हणून पुन्हा खटपट करू नका.

एनव्हिडिया बसल्यावर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डिस्प्लेची सेटिंग्ज दिसणार नाहीत, किंवा ‘एनव्हिडियाला जोडलेला डिस्प्ले तुम्ही वापरत नाही आहात’ असं येईल. हा दोष नाही, वर सांगितलेल्या वायरीचाच परिणाम आहे.

इंटरनेट परत जोडण्याआधी विंडोज अपडेटचा हात आखडता करा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटरमध्ये ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘विंडोज अपडेट’ इथे ‘डू नॉट इन्क्लूड ड्रायव्हर्स विथ विंडोज अपडेट्स’ चालू करा. होममध्ये तो एडिटर नसतो; तिथे ‘डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज’मध्ये ‘नो’ ठेवा. तरीही कधी त्याने ड्रायव्हर बदललाच तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतो.

इतकं करूनही इंटेल ठीक आणि एनव्हिडियावर कोड ४३ तसाच राहिला, तर चिपवर संशय घ्यायला जागा आहे. लिनक्स मिंटचा पेन ड्राइव्ह करून त्यावरून लॅपटॉप चालवा, काही इन्स्टॉल करू नका. पूर्ण रिझोल्यूशन मिळालं तर इंटेल आणि पॅनेल दोन्ही धडधाकट. मग बायोसमधली ऑप्टिमसची टिक थोड्या वेळासाठी काढून बघा: आता सगळं चित्र एनव्हिडियाकडून येईल. डेलच्या लोगोपासूनच रंगीत ठिपके, उभ्या रेघा किंवा काळा पडदा दिसला तर चिप गेली, ड्रायव्हरचा काही संबंध नाही. टिक परत लावा. पडदा काळाच असेल तर चार्जर आणि बॅटरी काढून, तळातून वायरीवर येणारा नाण्याएवढा सेल पाच-दहा मिनिटं सुटा करून सेटिंग्ज मूळ जागी आणता येतात.

गेलेली चिप मदरबोर्डला डाग देऊन बसवलेली असते. हीट गनने ‘रीबॉल’ (चिप काढून नव्या सोल्डरवर बसवणं) करून देतो असं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून गल्लीबोळापर्यंत सगळीकडे सांगितलं जाईल; नुसत्या गरम करण्याने ती थोडे दिवस जिवंत होते आणि परत जाते. एनव्हीएस ५२००एम तशीही एचडी ४००० पेक्षा फार पुढे नाही. ऑफिसचं काम, व्हिडिओ, ब्राउझर यांत फरक कळणारही नाही. त्यावर पैसे घालण्यापेक्षा एसएसडी टाका. फक्त एक लक्षात घ्या, डिव्हाइस मॅनेजरमधून एनव्हिडिया ‘डिसेबल’ केलं तर चिपची वीज पूर्ण बंद होईलच असं नाही. ती झोपवायचं काम तिचा ड्रायव्हर करत असतो.

आता बायोस, करायचाच असेल तर. बॅटरीची अट उगाच नाही. लिहिताना आधी चिपवरचा जुना मजकूर पुसला जातो आणि नवा चढवला जातो. मधल्या त्या मिनिटा-दोन मिनिटांत लाईट गेली तर सुरू व्हायला काही उरत नाही. या मॉडेलची बॅटरी खालून दोन खटके सरकवून निघते आणि ई६४२०, ई६५२०, ई६५३० यांचीही तीच बसते. ओळखीत कोणाकडे यातला लॅपटॉप असेल तर अर्ध्या तासासाठी बॅटरी मागून आणा. हा सर्वात सुरक्षित मार्ग. नाहीच मिळाली तर डेलच्या बायोस फाइलला कमांड प्रॉम्प्टमध्ये, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, फाइलच्या नावापुढे एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ‘फोर्सइट’ हा शब्द इंग्रजीत, सलग लिहिला की बॅटरीची तपासणी वगळली जाते. हे करायचं तर लॅपटॉप यूपीएसवर लावूनच. घरचा इन्व्हर्टर बदलाबदली करताना क्षणभर झटका देतो, आणि बॅटरी नसलेला लॅपटॉप तेवढ्यातही बंद पडू शकतो. पावसाळ्यात संध्याकाळी तर नकोच.

त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. विशेषतः ‘बूट सीक्वेन्स’ (विंडोज सुरू करण्याची पद्धत) जुनी लेगसी आहे की नवी यूईएफआय, आणि ‘साटा ऑपरेशन’ (डिस्कशी बोलण्याची पद्धत) काय आहे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर ‘सस्पेंड’ करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. फाइल डेलच्या साइटवरून, सर्व्हिस टॅग (डेलचा प्रत्येक लॅपटॉपला दिलेला ओळख क्रमांक) टाकून घ्या. पानावर मधली एखादी आवृत्ती आधी टाका असं लिहिलं असेल तर ती पायरी गाळू नका. अँटिव्हायरस थांबवा, बाकी सगळं बंद करा. एफ१२ च्या मेनूत ‘बायोस फ्लॅश अपडेट’ दिसत असेल तर एफएटी३२ पेन ड्राइव्हवर फाइल ठेवून तिथूनच करा, विंडोजमधून नको.

लिहिणं चालू असताना पंखा पूर्ण वेगाने ओरडतो, स्क्रीन काळी होते, लॅपटॉप आपणहून एक-दोनदा बंद-चालू होतो. घाबरून पॉवर बटण दाबू नका. दहा मिनिटं हात लावायचा नाही. त्यानंतरही काही जिवंत होत नसेल तर चिपवर प्रोग्रामरने लिहून देणारा माणूस लागतो. या बोर्डावर ८ एमबी आणि ४ एमबी अशा दोन चिप असतात. त्याला सांगा की दोन्हींचा जुना मजकूर आधी वाचून जपून ठेव, कारण सर्व्हिस टॅग आणि लॅनचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरची ओळख) त्यातच असतो. दुसऱ्याच्या लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी चढवली तर सुरू होईल, पण ओळख दुसऱ्याची घेऊन.

आणि अपडेट नीट होऊनही विंडोज चालू होताना निळा स्क्रीन आला, त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ लिहिलेलं असलं, तर विंडोज परत टाकायला घेऊ नका. सेटिंग्ज मूळ जागी गेल्यामुळे ‘साटा ऑपरेशन’ एएचसीआयवरून ‘रेड ऑन’वर गेलेलं असतं. फोटोत होतं तसं करा, सेव्ह करा, पुन्हा चालू करा.