बेल्जियममधल्या ब्रुजहून ईप्रच्या पहिल्या महायुद्धातल्या युद्धभूमीची एक दिवसाची टूर गाइडबरोबर करावी की स्वतः फिरावं?

गाइड घ्याच. कारण आता तिथे नुसती शेतं दिसतात, कुठली टेकडी कोणाकडे होती आणि एवढ्याशा उंचीसाठी सैनिक १९१७ मध्ये जवळच्या पाशनडेल गावाच्या चिखलात महिनोन्महिने का लढले हे कोणी उभं राहून दाखवल्याशिवाय डोक्यात शिरत नाही. टाइन कॉट या ब्रिटिश बाजूच्या सैनिकांच्या कब्रस्तानात जवळजवळ १२ हजार कबरी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांवर नावच नाही, तिथे घाई करणारी टूर असेल तर सरळ दुसरी शोधा. जर्मन सैनिकांचं लांगमार्क कब्रस्तानपण यादीत असलेलं बरं, दोन्ही बाजू बघायलाच हव्यात.

बुक करताना विचारा की रात्री ८ ला ईप्रमधल्या मेनिन गेट या स्मारक-कमानीला थांबणार का, तिथे रोज लास्ट पोस्ट ही शहीद सैनिकांसाठीची बिगुलाची धून वाजवतात आणि संध्याकाळीच परतणाऱ्या टूरमध्ये ते हुकतं. त्या गेटवर ५४ हजारांहून जास्त बेपत्ता सैनिकांची नावं आहेत, त्यात आपले भारतीय जवानपण आहेत, ती नावं नक्की शोधून वाचा. भारतीयांचं मोठं स्मारक मात्र फ्रान्समध्ये नव्ह-शापेलला आहे, त्यासाठी प्रायव्हेट टूर किंवा गाडी लागेल.